फितुरीचं पान

माझ्या घरात एकशे बारा चिनी शिपाई राहतात. प्रत्येकाची उंची अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. अंगात करडा सुती गणवेश, डोक्यावर चपटी टोपी, पाठीला रुंद पात्याची तलवार, आणि काहींच्या पाठीला तलवारीशेजारी चक्क मिटलेली छत्री. शंभरेक वर्षांपूर्वी चीनची बादशाही बुडाली आणि ज्याच्या हाताखाली चार पलटणी होत्या तो प्रत्येक सेनापती आपापला प्रांत बळकावून बसला. मग हे सरदार वर्षानुवर्षं आपसात लढत राहिले. त्या लढायांतलं हे सैन्य. टेबलावर मांडायचं, फासे टाकायचे, टेपने इंच मोजून पलटणी पुढे सरकवायच्या, असा हा खेळ आहे. याला पोरखेळ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांना चहा विचारत नाही.

नाशिकच्या माणसाने मराठ्यांचं सैन्य सोडून चीन कशाला उकरायचा, असं मला सगळेच विचारतात. त्यावर माझं ठरलेलं उत्तर आहे. मी वाढलो इगतपुरीत, वडील रेल्वेत होते. चार महिने छत्रीशिवाय आम्ही शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लढाईला जाताना छत्री बरोबर नेणारं सैन्य एका जुन्या फोटोत दिसलं, तेव्हा ही माणसं शहाणी होती हे मला ताबडतोब पटलं. शिवाय त्या लढायांत तोफा बसवलेल्या चिलखती आगगाड्या होत्या. रेल्वेवाल्याच्या मुलाला आणखी काय पाहिजे?

उत्तर खोटं नाही, पण पुरतंही नाही. मला एका माणसाला माझ्यासमोर तीन तास बसवायचं होतं आणि त्याला एक गोष्ट सांगायची होती.

तो माझा मित्र, सायखेड्याचा. अंबड एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत मी आजही तपासणी विभागात आहे, तिथे तो लेथ मशीनवर होता. त्याने काढलेला माल मी मोजायचा. मला त्याचा एखादा नग परत पाठवायची वेळ क्वचित यायची, आणि पाठवला की सुट्टी होईपर्यंत तो मला शिव्या घालायचा. डबा मात्र आम्ही एकत्रच खायचो. बारा वर्षांपूर्वी कंपनीत संप झाला. आम्ही दोघंही गेटवर बसलो. नवव्या दिवशी तीसेक जण पुन्हा संप करणार नाही अशा हमीपत्रावर सही करून आत गेले, त्यांत मी होतो. हे त्याला माहीत आहे. "पोरीचं बारावीचं वर्ष होतं तुझ्या. गेला, बरं केलं," असं म्हणून त्याने तो विषय माझ्या तोंडावर संपवलाही आहे.

त्याला माहीत नव्हतं ते वेगळंच. सही झाल्यावर मला मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कामगारांच्या नावांची यादी होती. गेटवर पुढे पुढे कोण होतं तेवढं बघून खूण करा, नुसतं रेकॉर्डला पाहिजे, असं साहेब म्हणाले. माझ्या खिशात नेहमीचं हिरवं पेन होतं. आमच्याकडे माल पास झाला की हिरवी बरोबरची खूण करायची आणि नापास झाला की लाल फुली मारायची. मी सात नावांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. तिसरं नाव त्याचं. आठवड्याभरात सातही जणांना काढलं. सहा जण पुढे माफीनामा लिहून परत आले. याने लिहिला नाही. "मी काय चोरी केली का?" म्हणाला आणि सायखेड्याला जाऊन भावाबरोबर झेंडू लावायला लागला.

तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. चारचौघांत बसलो की माझा पाय हलत असतो. सिनेमातून मध्येच उठतो. सुट्टीच्या दिवशी गोदेच्या काठाने उगाच लांबवर चालून येतो आणि घरी आल्यावर पुन्हा चप्पल शोधतो. डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला लावलं, ते ठणठणीत निघालं. बायकोला सगळं माहीत आहे. ती म्हणते, "सांगायचं असेल तर सांगून टाका, नाहीतर गप्प बसा. मधलं काय ते करू नका." आणि मी तर अकरा वर्षं मधलंच करत होतो.

मित्राने संबंध तोडले नाहीत, हीच खरी पंचाईत होती. दर वर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो फुलांची पिकअप घेऊन शहरात येतो. विक्री सुरू व्हायच्या आधी आमच्या फाटकाशी थांबतो आणि झेंडूची एक पिशवी देतो. "एक हार घरच्या देवाला, एक माझ्या लेथला." त्याचा लेथ अजून कंपनीत आहे, दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताखाली. खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशीनची पूजा करतो, तेव्हा मी त्याच्या शेतातल्या झेंडूचा हार त्याच्या लेथला घालतो. शेजारचे विचारतात, एवढा टपोरा झेंडू कुठून आणला? मी म्हणतो, ओळखीच्यांकडून.

एका वर्षी तो आला तेव्हा टेबलावर माझे पहिले दहा-बारा चिनी उभे होते. त्याने एकाला उचलून उजेडात धरलं, उलटं केलं, तळ पाहिला. जिथे रंग बाहेर गेला होता ते बरोबर शोधून दाखवलं. मग म्हणाला, "मला शिकव हे. रमीचा कटाळा आलाय." मी म्हणालो, सैन्य पुरं झालं की खेळू. मनात म्हणालो, खेळताना सांगू. आणि त्या दिवसापासून माझं सैन्य काही पुरं होईना.

म्हणजे मी काम थांबवलं असं नाही, उलट वाढवत नेलं. सराफांना थ्रीडी प्रिंटरवर दागिन्यांचे नमुने छापून देणारं एक दुकान आहे, तिथल्या मालकाला गळ घालून मी शिपाई छापून घ्यायचो. त्याचं मशीन अंगठ्या आणि नथी छापणारं, त्यामुळे शिपायांच्या शर्टाची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत इतकी साफ यायची. प्रत्येकाच्या पायाखाली लोखंडी वायसर चिकटवायचा, म्हणजे उभा राहतो. वायसरवर गोंद, गोंदावर नदीची चाळलेली वाळू. झेंड्यांच्या काठ्या अगरबत्तीच्या. आगगाडी फोमच्या बोर्डाची केली आणि तिच्या पत्र्यावर रिव्हेट म्हणून राजगिऱ्याचा एकेक दाणा चिमट्याने बसवला. एकादशीला बायकोने राजगिऱ्याचा डबा उघडला आणि रिकामा डबा तसाच माझ्या टेबलावर आणून ठेवला. पायदळ झालं तर मी तोफखाना काढायचो, तोफखाना झाला तर खेचरं. मित्र दरवर्षी विचारायचा, "झालं का रे तुझं?" मी म्हणायचो, अजून खेचरं राहिलीत.

या सैन्यात एक अडचण होती. त्या काळात जवळजवळ सगळेच सरदार आपल्या शिपायांना करडे कपडे घालायचे. शत्रूही करडा आणि आपणही करडे. बाजू ओळखायची ती डाव्या दंडावरच्या फडक्याच्या पट्ट्यावरून. आज लाल पट्टा, उद्या सेनापतीला कुणी विकत घेतलं की रातोरात पांढरा. माणूस तोच, बंदूक तीच. मी निम्म्यांना लाल पट्टे रंगवले, निम्म्यांना पांढरे.

खेळाचे नियम इंग्रजीत होते, ते मी मित्रासाठी एका वहीत, एका पानावर एक असे, मराठीत उतरवले. त्यातला बारावा नियम सेनापती विकत घेण्याचा. खेळाडूने लढाईआधी शत्रूच्या एका पलटणीखाली चिठ्ठी ठेवायची, आणि मध्येच ती उलटली की पलटण याच्या बाजूने लढू लागते. याला मराठीत काय म्हणावं? मी आधी 'पक्षांतर' लिहिलं. ते फार निवडणुकीतलं वाटलं, खोडलं. 'बाजू बदल' लिहिलं, ते क्रिकेटसारखं झालं. मग जो शब्द पहिल्यापासून डोक्यात होता तोच लिहिला. फितुरी. पानाच्या वरच्या बाजूला स्वच्छ अक्षरात तो शब्द पाहिला आणि मी ते पान वहीतून फाडून ड्रॉवरमध्ये टाकलं. हा नियम आपल्याला नको, खेळ किचकट होतो, असं स्वतःला समजावलं.

गेल्या वर्षी माझे बहाणे संपले. एकशे बारा शिपाई, खेचरं, गाडी, सगळं झालं होतं. फक्त वॉर्निश राहिलं होतं. वॉर्निश मारलं म्हणजे रंग पक्का आणि सैन्य पुरं. त्याची बाटली दोन महिने कपाटात पडून होती. मित्राने खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फुलं देताना बजावलं, "उद्याच्याला नाय, परवा. दसऱ्याला माल खपला की दुपारी येतो. आता मला खेचरं सांगू नको." मी हो म्हणालो.

खंडेनवमीला कंपनीत पूजा उरकून, त्याच्या लेथला हार घालून मी दुपारी घरी आलो. बायकोने देवापुढे विळी, कात्री, पकड, स्क्रू ड्रायव्हर मांडून पूजा केली होती. माझ्या टेबलावरही अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या दिसल्या. मी जवळ जाऊन पाहिलं. एकशे बारा शिपायांच्या डाव्या दंडावर एकेक ओल्या कुंकवाचं बोट होतं.

"हे काय केलंस?"

"पूजा. तलवारी आहेत, तोफा आहेत. कात्रीला कुंकू लावायचं आणि एवढं सैन्य तसंच ठेवायचं?"

"पण दंडावर का?"

"कपाळ सापडेना. चष्मा लावूनही सापडेना. दंडावर पट्टे काढलेलेच होते, म्हटलं लावायची जागा हीच असेल."

मी ओलं फडकं घेऊन बसलो. वॉर्निश असतं तर एका हातात पुसून निघालं असतं. नुसत्या रंगात कुंकू मुरलं होतं. पांढरे पट्टे लाल झाले, लाल होतेच, आणि बोट मोठं असल्यामुळे लाली खांद्यापर्यंत पसरली होती. एकाच सेनापतीचं सैन्य दोन बाजूंना उभं असावं तसं दिसत होतं. मी ओरडलो. इतक्या वर्षांची मेहनत, जरा विचारायचं, वगैरे जे काही सुचेल ते बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वॉर्निशची बाटली मी लपवली होती का?" मग आत निघून गेली. तिचं बरोबर होतं.

दसऱ्याला तो तीनच्या सुमाराला आला. हात धुतले, आपट्याची पानं दिली, बायकोला नमस्कार केला, जिलबी खाल्ली आणि टेबलाशी बसला. कुंकवाचा प्रकार ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "वयनी, लय भारी काम केलं तुम्ही." मग गंभीरपणे वही पुढे ओढून आम्ही सुरू झालो.

पहिला तासभर नीट गेला. त्याला खेळ चटकन कळला. लेथवर ड्रॉइंग वाचलेला माणूस, अर्ध्या इंचावरून वाद घालायचा आणि बरोबर निघायचा. पण दोन्हीकडच्या पलटणी टेबलावरच्या गावाजवळ एकमेकींत मिसळल्या तशी पंचाईत झाली. "हा तुझा का माझा?" तो एकेकाला उचलून विचारायचा. मीही बघून सांगायचो, पण मलाच खात्री नसायची. नदीकाठची माझी एक पलटण त्याने आपली समजून माझ्याच तोफांवर चालवली. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या खेपेला त्यालाच शंका आली.

"ही तुझी हाय ना?"

"हो."

"तुझी माणसं माझ्याकडून लढू ऱ्हायली आन् तू गप बसला?"

"तिकडे खरंच असं व्हायचं," मी म्हणालो. "सेनापतीला विकत घेतलं की पट्टा बदलायचा आणि उलट फिरायचं."

"मग ते वहीत का नाय?"

मी म्हणालो, तो नियम आपण घेतलेला नाही. त्याने वही चाळली. तपासणीच्या कागदांना सवयीने घालतो तसे मी प्रत्येक पानाला आकडे घातले होते. त्याने अकरावर बोट ठेवलं आणि मग तेरावर. "बारावं पान कुठंय?"

कुणालाही सांगता येईल असं एक साधं खोटं त्या वेळी मला सुचलं नाही. मी उठून ड्रॉवर उघडला आणि ते पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वरचा शब्द मोठ्याने वाचला, मग खालचं सगळं मनात वाचलं. "चिठ्ठी उघडली नाय तं कळत नाय का, कोण फितूर झाला ते?"

"नाही कळत."

"शेवटपर्यंत?"

मी उभाच होतो. उभ्यानेच सांगितलं. केबिन, यादी, हिरवं पेन, सात नावं, तुझं तिसरं. सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा लागलं नाही. मला वाटलं होतं मी रडेन. रडलो नाही.

तो शिव्या घालेल, टेबल उलटं करेल, निघून जाईल, अशा सगळ्या तयाऱ्या मी इतक्या वर्षांत करून ठेवल्या होत्या. त्यातलं काही झालं नाही. हातातला शिपाई त्याने खाली ठेवला आणि विचारलं, "दाजी होते का तिथं?"

"कोण दाजी?"

"माझे. स्टोअरला होते ते. तुझ्याच दिवशी आत गेले."

तेव्हा मला त्याच्या बहिणीचे यजमान आठवले. स्टोअरच्या खिडकीतला एक शांत माणूस, मोजून बोलणारा. "नाही," मी म्हणालो. "केबिनमध्ये साहेब आणि मीच होतो."

"नक्की?"

"नक्की. यादी माझ्याच हातात होती. बाकी कुणी पेन उचललं नाही."

मग तो बोलला, तेही माझ्याशी नसल्यासारखं. "मला वाटलं दाजींनी नाव दिलं. सगळ्यात जवळचं माणूस तेच होतं ना आत. ताईच्या दारात पाय ठेवला नाय मी अकरा वर्षं. भाऊबीजेला ताट करून बसती, फोन करती. मी कट करतो." त्याचं बहिणीकडे येणं-जाणं नाही हे मला माहीत होतं. जमिनीच्या वाटणीवरून बिनसलं असेल असं मी गृहीत धरलं होतं. विचारलं कधीच नव्हतं, कारण विचारायला गेलो तर माझंच काही बाहेर येईल अशी मला भीती होती. मी एका माणसाचं वाईट केलं असं समजून इतकी वर्षं तळमळत होतो. याच शहरात पाथर्डी फाट्याला एक बाई दर दिवाळीला ओवाळायचं ताट घेऊन बसते आणि तिच्या नवऱ्यावर न केलेल्या कामाचा आळ आहे, हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं.

त्याने फोन काढला. आकडे पाठ होते. "ताई, दाजींना दे," एवढंच बोलला आणि फोन माझ्या हातात दिला. "सांग. मला सांगितलं तसंच सांग."

पलीकडून हॅलो आलं. मी माझं नाव सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तो आहे का तिथं?"

"आहे."

"द्या त्याला."

मी फोन पुढे केला. तो मान हलवायला लागला. "काय बोलू मी त्यांच्याशी?" असं पुटपुटला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. आयुष्यात कधी माफीनामा न लिहिलेला माणूस. मी फोनवर म्हणालो, तो बोलत नाहीये. पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारलं, दाजींनी उत्तर दिलं, आणि मग ते मला म्हणाले, "त्याला सांगा, ताई विचारतीये, पुरणपोळी करू का श्रीखंड आणू."

मी तसंच्या तसं सांगितलं. त्याने ऐकलं, तोंडावरून हात फिरवला आणि उठला. बायको दारात येऊन उभी होती. तिला तो येतो म्हणाला. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेलो. पिकअपच्या हौद्यात झेंडूचा चुरा पडला होता. मी विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"नाय. तिकडचं आधी करून येतो," गाडी सुरू करत तो म्हणाला. "तुझं नंतर."

भाऊबीजेला तो ताईकडे होता, हे मला दाजींनी फोन करून सांगितलं. का सांगितलं ते कळलं नाही, पण सांगितलं. या वर्षीचा दसरा कालच झाला. फुलांची गाडी आमच्या फाटकाशी थांबली नाही. मी फोन करत नाही. यायचं की नाही, हे आता त्यानेच ठरवायचं आहे.